तांब्याची तार आणि काचेचा तंतू

कोल्हापूरहून बंगळूरच्या दिशेने निघालेला प्रवासी कागल मागे टाकतो, दूधगंगा ओलांडतो आणि कोगनोळीच्या शिवारात प्रवेश करतो. येथे राज्य बदलते. कानावर पडणारी बोली मात्र बदलत नाही. बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी तालुक्यातील हे गाव दूरवरच्या वाहनचालकांनाही ठाऊक झाले आहे, ते महामार्गावरील पथकर नाक्यामुळे. पथकर म्हटला की सुटे पैसे, पावती आणि थोडी हुज्जत असा प्रकार पूर्वी असे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि हा व्यवहार मुका झाला. गाडीच्या पुढील काचेवर चिकटविलेली पट्टी वरच्या यंत्राने वाचावी, तिचा क्रमांक मार्गिकेतून नियंत्रण कक्षात जावा, तेथून पुढे बँकेच्या व्यवस्थेशी बोलणे व्हावे आणि आडवा दांडा वर उचलला जावा, हे सारे काही क्षणांत घडावयाचे असते.

प्रवाशाला दिसतो तो फक्त दांडा. कोणत्याही नाक्यावर तो उचलला गेला नाही की मागे उसाचे ट्रक, दुधाच्या गाड्या आणि एसटी यांची रांग लागते, भोंगे वाजू लागतात आणि खिडकीत बसलेल्या मुलावर सर्वांचा राग निघतो. त्या बिचाऱ्याचा दोष क्वचितच असतो. आवाराच्या एका टोकाची यंत्रे दुसऱ्या टोकाच्या यंत्रांशी ज्या जोडणीने बोलतात, ती जोडणी कोठे तरी तुटलेली किंवा जळालेली असण्याचा संभव अधिक.

अशी जोडणी आता केवळ नाक्यावरच असते असे नाही. तीन मजल्यांची शाळा, दोन इमारतींत विभागलेले रुग्णालय, पतसंस्थेची मुख्य कचेरी, निपाणीच्या बाजारपेठेतील तंबाखूची वखार व तिच्याशेजारचे हिशेबाचे कार्यालय, अशा साऱ्या ठिकाणी संगणक, दूरध्वनी, कॅमेरे आणि हजेरीची यंत्रे एकमेकांशी बांधलेली असतात. बांधकामाच्या वेळी नळाचा आणि मोरीचा विचार होतो, विजेच्या बटणांचा होतो. या बांधणीचा विचार मात्र बहुधा रंगकाम आटोपल्यावर सुचतो. मग भिंतीवरून, खिडकीतून, गच्चीच्या कठड्यावरून ताराच तारा लोंबू लागतात आणि पहिल्या पावसाळ्यात त्यांतील निम्म्या दगा देतात.

या बांधणीच्या मध्यभागी जे यंत्र असते त्याला स्विच म्हणतात. दिव्याच्या बटणालाही आपल्याकडे स्विच म्हणतात. परंतु त्याचा व याचा संबंध नाही. हा स्विच म्हणजे टपाल कचेरीतील निवडणी करणारा कारकून होय. त्याच्यापुढे चोवीस किंवा अठ्ठेचाळीस खाणी असतात, प्रत्येक खाणीतून एक तार एका यंत्राकडे गेलेली असते. एका यंत्राकडून निरोप आला की त्यावरील पत्ता वाचून तो नेमका ज्याचा त्याच्याच खाणीत टाकावयाचा, हे त्याचे काम. ज्याचा पत्ता माहीत नाही त्याच्यासाठी तो सर्व खाणींत दवंडी पिटतो. उत्तर ज्या खाणीतून येईल तिची नोंद ठेवतो आणि पुढच्या वेळी थेट तेथेच निरोप पोहोचवितो. कोणत्या खाणीमागे कोण राहतो हे तो असे आपले आपणच शिकतो. नव्या टपालवाल्याला गाव कळावयास महिना लागतो. याला निमिषही पुरते.

एका खोलीपुरता एक स्विच पुरतो. अडचण निर्माण होते ती इमारत मोठी असली म्हणजे. स्विचपासून संगणकापर्यंत जाणारी तार तांब्याची असते. आठ बारीक तारांच्या चार जोड्या पिळून एका आवरणात घातलेल्या असतात. या तारेची मर्यादा शंभर मीटर ठरलेली आहे. त्यातही नव्वद मीटर भिंतीतून जाणारी पक्की तार आणि उरलेले दहा मीटर दोन्ही टोकांच्या सुट्या तारांसाठी, असा हिशेब मानकांत धरलेला असतो. शंभर मीटर म्हणजे मोठे अंतर, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तार कावळ्यासारखी सरळ उडत जात नाही. ती तळमजल्याच्या कपाटातून छतापर्यंत चढते, पडवीच्या कडेने चालते, जिन्याचे वळण घेते, तुळईला वळसा घालते आणि मग दुसऱ्या मजल्याच्या भिंतीतून खाली उतरते. डोळ्याला साठ मीटर दिसणारे अंतर तारेला सहज शंभर मीटरांच्या वर भरते. त्यापलीकडे निरोप क्षीण होतो, शेजारच्या विजेच्या तारांचा गोंगाट त्यात मिसळतो, अक्षरे गळू लागतात. अशी जोडणी एकदम बंद पडत नाही, हीच तिची खोड. सकाळी चालते, दुपारी पंखे आणि पंप सुरू झाले की अडखळते आणि कोणालाच नेमके कारण सापडत नाही.

म्हणून प्रत्येक मजल्यावर एक स्विच ठेवावयाचा, मजल्यावरील यंत्रे त्याला तांब्याने जोडावयाची आणि हे स्विच आपापसांत दुसऱ्या एखाद्या मार्गाने जोडावयाचे, अशी रीत सर्वत्र पडली. त्या दुसऱ्या मार्गावर भारही अधिक असतो. एका मजल्यावरील चाळीस यंत्रांचे बोलणे एकाच जोडणीतून खाली यावयाचे असते. गल्लीबोळांतील सारी रहदारी जेथे हमरस्त्यावर उतरते तेथे हमरस्ता रुंद हवा. हा हमरस्ता म्हणून काचेचा तंतू वापरावा, असे जगभरचे जाणकार सांगतात. आणि याची कारणे केवळ अंतर व वेग एवढीच नाहीत. सीमाभागासारख्या प्रदेशात तर तिसरे कारणच पहिल्या दोहोंपेक्षा अधिक वजनाचे ठरावे.

ते कारण म्हणजे वळीव. चैत्र-वैशाखात दुपार तापते, पश्चिमेच्या डोंगरांकडून ढग चढतात आणि तासाभरात विजा कोसळू लागतात. वीज इमारतीवरच पडली पाहिजे असे नाही. जवळच्या एखाद्या झाडावर किंवा मोकळ्या रानात ती पडली, तरी त्या जागेच्या भूमीचा विद्युत्दाब क्षणमात्र प्रचंड वाढतो. आता दोन इमारती असल्या म्हणजे दोघींचे अर्थिंग निराळे असते. एकीच्या अर्थिंगचा दाब वाढला आणि दुसरीचा तेवढा वाढला नाही, तर हा फरक भरून काढण्यासाठी वीज वाट शोधते. दोन इमारतींच्या स्विचांमध्ये तांब्याची तार टाकलेली असेल तर ती आयती वाट होते. मग तारेच्या दोन्ही टोकांच्या खाणी जळतात, कधी अख्खा स्विच जातो आणि त्याला बांधलेली इतर यंत्रेही त्याच्यामागून जातात. पावसाच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या संगणक कक्षात जळका वास यावा, कार्यालयातील कॅमेरे काळे पडावेत आणि वीज तर इमारतीवर पडलीच नव्हती म्हणून सर्वांनी चकित व्हावे, यामागील इंगित हे असे आहे. परीक्षेच्या तोंडावर किंवा रुग्णांची नोंदणी चालू असताना हा प्रसंग ओढवला म्हणजे यंत्रांच्या किमतीहून मोठे नुकसान होते.

काचेतून वीज वाहत नाही. दोन इमारतींमध्ये काचेचा तंतू टाकला की त्या दोघींत विजेच्या दृष्टीने काहीही नाते उरत नाही. उरते ते केवळ प्रकाशाचे. एका इमारतीची भूमी कितीही खवळली तरी तिची झळ तंतूवाटे दुसरीत पोहोचू शकत नाही. याचा अर्थ विजेचे सारे भय टळले असा मात्र कोणी घेऊ नये. महावितरणच्या किंवा हेस्कॉमच्या तारेतून येणारा धक्का यंत्रापर्यंत येऊ शकतोच. त्यासाठी चांगले अर्थिंग आणि धक्का शोषून घेणारे साधन निराळे लागते. परंतु एका इमारतीतील अपघाताने दुसरीचे घर जळण्याचा मार्ग तंतूने खात्रीने बंद होतो.

काच प्रकाशाला धरून कशी ठेवते, ही गोष्ट मोठी मनोवेधक आहे. पाण्यात बुडी मारून वर पाहिले असता एका मर्यादेपलीकडे तिरपे पाहिल्यास आकाश दिसत नाही, पाण्याचा पृष्ठभागच आरशासारखा चमकतो. प्रकाश दाट पदार्थातून विरळ पदार्थाकडे फार तिरपा जाऊ लागला की बाहेर न पडता पूर्णपणे आत परततो. १८४१ साली जिनीव्हा येथे डॅनिएल कोलाडाँ याने पाण्याच्या वाकलेल्या धारेतून प्रकाश वाकवून नेण्याचा प्रयोग दाखविला. पुढे १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन टिंडॉल याने तसाच प्रयोग केला. पाण्याच्या धारेच्या जागी काचेचा बारीक तंतू घ्यावा, त्याभोवती किंचित विरळ काचेचे वेष्टन द्यावे, म्हणजे आतील प्रकाश या वेष्टनावर आपटत, परतत, वळणे घेत पुढे जातो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखविले. त्यांचा निबंध १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या शाखेला ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नावही त्यांनीच १९६० साली दिले. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले ते २०२१ साली, त्यांच्या निधनानंतर.

तथापि चित्र हातभर पलीकडे नेणे निराळे आणि निरोप गावोगाव नेणे निराळे. त्या काळची उत्तम काचही एवढी अशुद्ध होती की सुमारे वीस मीटर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा हिस्साच शिल्लक राही. १९६६ साली इंग्लंडमध्ये काम करणारे चार्ल्स काव आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांनी सांगितले, की दोष काचेच्या जातीत नाही, तिच्यातील अशुद्ध कणांत आहे. एक किलोमीटर गेल्यावर शंभरावा हिस्सा उरेल इतकी काच शुद्ध केली, तर ती तांब्याशी स्पर्धा करू लागेल. चार वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतील कॉर्निंग या काच-कारखान्यातील रॉबर्ट माउरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्झ यांनी ही मर्यादा ओलांडली. आजच्या चांगल्या तंतूत तोच शंभरावा हिस्सा उरावयास जवळजवळ शंभर किलोमीटर जावे लागते. वीस मीटर, एक किलोमीटर, शंभर किलोमीटर, या तीन आकड्यांत या विद्येचा सारा इतिहास आला. काव यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा इतिहास दूर देशीचा वाटेल, परंतु त्याचे एक पान महाराष्ट्रातही लिहिले गेले आहे. दूरध्वनी केंद्रांना जोडणारी भारतातील पहिली प्रकाशतंतूची वाहिनी १९७९ साली सुरू झाली ती पुण्यात. आज छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत असे तंतू तयार होतात. काच तापवून तिचा केसासारखा धागा ओढला जातो. त्याची जाडी, वेष्टनासह, मिलिमीटरचा आठवा भाग भरते. ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली, जिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले, ती याच धाग्यावर उभी आहे. गावच्या वेशीपर्यंत काच आली; आता प्रश्न राहिला तो इमारतीच्या आतील शेवटच्या काही मीटरांचा.

तंतू घ्यावयास निघालेल्याला दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो प्रकाराचा. तंतू दोन जातींचे असतात. एकाचा आतला गाभा तुलनेने रुंद, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग असतो. त्यातून प्रकाश अनेक वाटांनी धावतो. याला मल्टिमोड म्हणतात. दुसऱ्याचा गाभा त्याच्याहून पाच-सहा पटींनी अरुंद असतो आणि त्यातून प्रकाशाला एकच वाट मिळते. तो सिंगल मोड. अनेक वाटांनी निघालेले प्रवासी एका वेळी पोहोचत नाहीत. त्यामुळे वेग वाढवू लागले की मल्टिमोडमध्ये पुढचा स्पंद मागच्या स्पंदात मिसळतो आणि पल्ला झपाट्याने तोकडा होतो. जुन्या जातीचा जो मल्टिमोड तंतू सेकंदाला एक गिगाबिट या वेगाने पावणेतीनशे मीटर जात असे, तोच दहा गिगाबिटला जेमतेम तेहतीस मीटर पुरतो. सुधारलेल्या जातीचा, बहुधा फिकट निळसर आवरणाचा तंतू दहा गिगाबिटला तीनशे मीटर जातो. सिंगल मोड, ज्याचे आवरण पिवळे असते, तो त्याच वेगाला दहा किलोमीटर सहज जातो.

मल्टिमोडच्या टोकांना लावावयाची उपकरणे स्वस्त म्हणून एके काळी इमारतीत मल्टिमोडच घालावा असा सल्ला दिला जाई. तो सल्ला आता जुना झाला. दोहोंच्या उपकरणांतील किमतीचा फरक पुष्कळ कमी झाला आहे आणि सिंगल मोड तंतू स्वतः तर महाग नाहीच. शिवाय स्विच सात-आठ वर्षांनी बदलतात, त्यांच्या टोकाची उपकरणेही बदलतात. भिंतीत गेलेला तंतू मात्र वीस-पंचवीस वर्षे तेथेच राहतो. ज्या वस्तूसाठी भिंत फोडावी लागते तिच्यात काटकसर करणे शहाणपणाचे नव्हे. नव्या इमारतीत पिवळा तंतूच घालावा, असे स्पष्ट सांगावयास हरकत नाही. जुना नारिंगी तंतू आधीच पडलेला असेल आणि काम भागत असेल, तर तो उखडून टाकण्याची घाई करण्याचेही कारण नाही.

स्विचच्या एका बाजूस दोन-चार मोकळ्या चौकोनी खाणी असतात. त्यांत बोटाएवढे एक उपकरण सरकवावयाचे असते. विजेच्या भाषेतील निरोपाचे प्रकाशाच्या स्पंदांत रूपांतर करणारा दुभाषीच तो. त्याच्यात प्रकाश सोडणारा एक लहानसा लेसर आणि प्रकाश ओळखणारा एक डोळा असे दोन भाग असतात. म्हणून तंतूही दोन लागतात, एक बोलण्याचा, एक ऐकण्याचा. एकाचे तोंड ते दुसऱ्याचा कान, हे जोडताना ध्यानात ठेवावे लागते. दोन्ही तोंडे समोरासमोर आली तर दोघेही बोलत राहतात आणि ऐकत कोणीच नाही. नवी जोडणी चालेना म्हणजे जाणता कारागीर प्रथम दोन तंतूंची अदलाबदल करून पाहतो आणि निम्म्या वेळा त्यावरच काम भागते. दोन्ही टोकांचे दुभाषी एकाच जातीचे असले पाहिजेत, हे सांगावयास नकोच. चाळीस-ऐंशी किलोमीटर पल्ल्याचा प्रखर लेसर स्वस्तात मिळाला म्हणून तीस मीटरच्या जिन्यात लावला, तर पलीकडील डोळा दिपतो आणि काही वेळा कायमचा जातो.

टोकांच्या रंगाकडेही लक्ष हवे. घरी इंटरनेट देणाऱ्यांच्या तारेचे टोक पुष्कळदा हिरवे असते, तर स्विचच्या उपकरणांना लागणारे सिंगल मोडचे टोक निळे असते. हिरव्या टोकाची काच आठ अंशांनी तिरपी घासलेली असते, निळ्याची तशी नसते. दोन्ही एकमेकांत बसतात, पण काचेला काच नीट भिडत नाही आणि पुष्कळसा प्रकाश फटीतच वाया जातो. त्याहून मोठा शत्रू धूळ. ज्या गाभ्यातून प्रकाश जावयाचा तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद; त्याच्या तोंडावर धुळीचा एक कण म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी पडलेला धोंडा. म्हणून टोकाची टोपी अखेरच्या क्षणापर्यंत काढावयाची नाही, बोट लावावयाचे नाही, सदऱ्याच्या टोकाने पुसावयाचे तर नाहीच. त्यासाठी निराळी पुसणी मिळते. आणि प्रकाश येतो की नाही हे तंतूत डोकावून कधीही पाहू नये. हा प्रकाश मानवी डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. न दिसल्यामुळे पापणीही मिटत नाही. प्रकाश मोजणारे छोटे यंत्र प्रत्येक जोडाऱ्याच्या पिशवीत असते, ते त्यासाठीच.

तंतू भिंतीतून ओढताना तो फार वाकवू नये. ओढतेवेळी तारेच्या जाडीच्या वीसपट आणि बसविल्यावर दहापट त्रिज्येहून आवळ वळण नको, असा साधारण नियम आहे. कोपऱ्यावर काटकोनात दुमडून खिळा ठोकला, की प्रकाश त्या वळणावर बाहेर सांडतो.

येथे एक पेच उभा राहतो. वखारी, स्वयंपाकघरे, धान्याची कोठारे असली म्हणजे उंदीर आणि घुशी आल्याच आणि त्यांना तंतूच्या आवरणाचा फार सोस. त्यासाठी पोलादी पत्र्याचे कवच असलेली तार मिळते आणि दुकानदार तीच भरवशाची म्हणून पुढे करतो. पण ज्या विजेपासून सुटका व्हावी म्हणून काच घेतली, तीच वीज या पोलादी कवचातून एका इमारतीतून दुसरीत जाऊ शकते. तंतू शाबूत राहील, पण कवच ज्या पेटीत शिरते त्या पेटीत ठिणगी उडेल. असे कवच वापरावयाचेच तर ते इमारतीत शिरताच अर्थिंगला बांधले पाहिजे. हे काम बहुधा कोणी करीत नाही, कारण ते कोणी सांगत नाही. त्यापेक्षा काचेच्या धाग्यांचे किंवा कडक तंतुमिश्र कांड्यांचे, धातू मुळीच नसलेले कवच मिळते ते घ्यावे आणि जमिनीखालून जाड नळीतून न्यावे. उंदीर आणि वीज या दोघांचाही बंदोबस्त त्यात होतो.

काच वीज नेत नाही, या गुणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भिंतीवरचा कॅमेरा किंवा टेबलावरचा दूरध्वनी आपल्याला लागणारी वीज तांब्याच्या तारेतूनच घेतो. ती सोय काचेत नाही. तेव्हा मजल्यावरील शेवटचा टप्पा तांब्याचाच राहतो आणि प्रत्येक मजल्याच्या स्विचपाशी दिवा गेल्यावर तग धरणारी बॅटरी ठेवावी लागते.

आता हे मजल्यांचे स्विच कसे ओवावयाचे? तळमजल्याचा पहिल्याला, पहिल्याचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा गच्चीवरच्या खोलीला, अशी आगगाडीच्या डब्यांसारखी माळ करणे सर्वांत सोपे आणि तंतूही त्यात कमी लागतो. म्हणून ती सर्वत्र दिसते. परंतु मधला एक डबा घसरला, त्या मजल्याची वीज गेली किंवा बॅटरी संपली, की पुढचे सारे मजले अंधारात जातात. प्रत्येक मजल्याचा तंतू स्वतंत्रपणे मध्यवर्ती कपाटापर्यंत आणला तर एकाचे दुखणे दुसऱ्याला लागत नाही. काही मीटर तंतू अधिक जातो, इतकेच.

माळ वाढत गेली म्हणजे काय होते याचा दाखला बॉस्टन शहरात मिळाला. तेथील बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाची अंतर्गत जोडणी वर्षानुवर्षे स्विचाला स्विच जोडीत वाढली होती. नोव्हेंबर २००२ मध्ये ती जोडणी एकाएकी गुदमरली आणि जवळजवळ चार दिवस रुग्णालयाला कागदावर परतावे लागले. चाचण्यांचे अहवाल हाती घेऊन माणसे मजले चढू-उतरू लागली. अनेक तरुण डॉक्टरांना कागदी चिठ्ठी लिहिण्याची सवयच नव्हती. जुन्या मंडळींनी ती शिकविली.

त्यामागील कारण समजण्यासाठी दवंडीकडे पुन्हा वळले पाहिजे. दोन स्विचांमध्ये दोन वाटा ठेवल्या, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून, तर पत्ता माहीत नसलेल्या निरोपाची दवंडी एका वाटेने वर जाते, दुसऱ्या वाटेने खाली येते, पुन्हा वर जाते. तिला थांबविणारे कोणी नसते. क्षणार्धात अशा हजारो दवंड्या एकमेकींत मिसळून वाटा तुडुंब भरतात आणि कामाचा एकही निरोप पुढे सरकत नाही. यावर रेडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीने १९८५ साली तोड काढली. स्विच आपापसांत बोलून आपल्यातला एक प्रमुख ठरवितात, त्याच्यापासून फांद्यांचे झाड बनवितात आणि फेरा पूर्ण करणारी जास्तीची वाट झोपवून ठेवतात. चालू वाट तुटली की झोपलेली जागी होते. ही युक्ती आजही वापरात आहे. पण झाडाच्या फांद्या फार लांबल्या तर प्रमुखाचा शब्द शेवटच्या स्विचापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, झोपावयाची वाट जागी राहते आणि फेरा सुरू होतो. सातापेक्षा अधिक टप्पे नसावेत असा तिचा नियम होता. बॉस्टनच्या त्या रुग्णालयात तो कधीच ओलांडला गेला होता.

तेव्हा कोगनोळीतील एखाद्या शाळेला किंवा निपाणीच्या एखाद्या दवाखान्याला दुसरी वाट हवी असेल तर ती अवश्य ठेवावी. परंतु स्विचमध्ये ही युक्ती चालू आहे की नाही याची खात्री करून मगच दुसरे टोक खोचावे. स्वस्तातल्या पुष्कळ स्विचांत ती नसते. आणि दुसरी वाट खरोखर दुसरीकडून न्यावी. दोन्ही तंतू एकाच जिन्यातून, एकाच नळीतून नेले, तर गवंड्याच्या एका घावात दोन्ही तुटतात. एक पुढच्या जिन्याने, दुसरा मागच्या भिंतीने, असे असावे.

तंतू दोनच लागतात म्हणून दोघांचीच तार कोणी घेऊ नये. सहा किंवा बारा तंतूंची तार घ्यावी. तार ओढण्याच्या मजुरीत फरक पडत नाही, जास्तीचे तंतू पुढे कधी तरी उपयोगी पडतात, एखादा मोडला तर शेजारचा हाताशी असतो. कोणता तंतू कोठे जातो याची नोंद मात्र त्याच दिवशी झाली पाहिजे. वर्षभराने ती कोणाच्याच स्मरणात नसते. सीमाभागात ही नोंद कोणत्या भाषेत लिहावी हा प्रश्न पडतो, कारण आज काम करणारा कारागीर कोल्हापूरचा असतो आणि दोन वर्षांनी दुरुस्तीला येणारा हुबळीचा. अनुभवी माणसे अक्षरांच्या भानगडीत न पडता आकडे घालतात. मजल्याचा आकडा, कपाटाचा आकडा, तंतूचा आकडा तारेच्या दोन्ही टोकांना चिकटविला जातो. त्याचाच एक कागद कपाटाच्या दाराला आतून लावलेला असतो. न वापरलेल्या तंतूंच्या टोकांवर टोप्या घातलेल्या असतात, त्यांच्या पुढच्या रकान्यात काही लिहिलेले नसते आणि कागदाच्या खाली तार टाकल्याची तारीख असते.